नेट तपासायला आलेलं पावणं

अहो, आमचं नेटचं अनुदान सासूबाईंनी जवळजवळ घालवलंच होतं! शिरोळजवळच्या आमच्या मळ्यातल्या सात घरांना फायबरचं नेट मिळावं म्हणून मी वर्षभर हेलपाटे घातले होते. शेवटी अनुदानाच्या कचेरीतले साहेब पाहणीला आले. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी सासूबाईंनाच विचारलं, "आजी, इथं नेट येतं का?"

"येतंय की झकास! आमच्यात काय कमी न्हाय."

मी धावत बाहेर आले. साहेब ते लिहायलाही लागले होते.

"आत्या, असं काय सांगताय?" मी सासूबाईंना म्हटलं.

"मग पावण्यासमोर घराचं उणं काढू व्हय गं?"

साहेब हसले. "आजी, लेकीबाळींशी व्हिडिओवर बोलता का मग?"

"रोज बोलते की. त्या पाण्याच्या टाकीवर चढून. ही खालनं शिडी धरती."

साहेबांनी टाकीकडे पाहिलं, सासूबाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि लिहिलेलं खोडून अनुदानाची शिफारस केली. ती मोबाईलवरून तिथूनच पाठवायची होती, पण पडद्यावर चाक नुसतं गरगर फिरत राहिलं.

सासूबाई पदर खोचून उठल्या. "पावणं, चपला काढा आन चढा वर. शिडी मी धरते."