मायवाडीचं वाढलेलं ताट

निपाणीच्या मोटारस्टँडवर नरहरपंत आपलीच जुनी कादंबरी दुसऱ्या आवृत्तीसाठी चाळत बसले होते. मायवाडी हे त्यांनी मनानंच वसवलेलं मायाळू गाव. तिथली म्हातारी मालुबाई त्यांना आता नकोशी वाटली, म्हणून सकाळीच त्यांनी तिला खोडून टाकलं होतं. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"मायवाडीची मालुआक्का सकाळपासनं न्हाय गं!"

"न्हाय म्हंजे?"

"चूल पेटलेली, भाकरी तव्यावर, आन् आक्काच न्हाय."

"मग आज तिचं ताट?"

"वाढलंय की. आपल्या गावात कुणाला उपाशी ठेवत्यात व्हय?"

"आन् ज्येनं तिला नेलं, त्येचं?"

"त्येचंबी वाढलंय. हितंच तर बसलाय, मोटारीची वाट बघत."