मायदेई आजीचा पाटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे राजे, सिंहकुळाचे मांबो चिकोवा. राजधानीहून घाट चढून आलेले सन्माननीय पाहुणे. सत्कारमूर्ती, मृद्संधारण प्रकल्पाचे संचालक श्री. ओबर्ट माझिविसा, तिसऱ्या रांगेत कांबळं पांघरून बसलेल्या केरेसेन्झिया आत्या, आणि न्यांगाच्या डोंगरातल्या या कडाक्याच्या थंडीत सकाळपासून जेवणाचा वास घेत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आपल्या रीतीप्रमाणे गुडघे वाकवून, हळू टाळी वाजवून मी सर्वांना वंदन करते.

मला दोनच मिनिटं मिळाली आहेत. सूत्रसंचालक आत्ताच कानात सांगून गेले, "शुवाईताई, आटोपतं घ्या हं. मटण गार होतंय, आणि जेवणानंतर मांबोंना पुढच्या बांधासाठी दुसऱ्या टेकडीचा पहिला दगड उचलायचाय. आणि तेवढा दगडांचा विषय काढू नका." बरं. सत्कारमूर्तींविषयी चांगलं बोलायचं असतं, ते मी बोलणार आहे. फक्त खरंच बोलायचं ठरवलंय, म्हणून थोडा वेळ लागेल.

माझिविसासाहेबांनी या डोंगरांची वाहून जाणारी माती अडवली, हे शंभर टक्के खरं आहे. ते आले तेव्हा घळींनी शेतं खाल्ली होती. आज बांधामागे बटाटा आहे, वाटाणा आहे. यासाठी टाळ्या वाजवा. वाजवा, मी थांबते.

आता माझं काम. पाहुण्यांना माहीत नसेल, मी वस्तुसंग्रहालयाची पुरातत्त्वज्ञ. बांध घालायच्या आधी जमीन पायाखाली घालायची, जुनं काय आहे ते नोंदवायचं, आणि ते वाचेल अशी बांधाची रेघ सुचवायची, यासाठी मला या प्रकल्पावर पाठवलं होतं. साहेबांनी माती वाचवायची आणि मी मातीतलं. यात भांडण होण्यासारखं काही होतं का? मुळीच नव्हतं. बांधाला दगड लागतो, आणि नदीत तो हवा तेवढा पडलाय. पण नदीतून वर आणायचा म्हणजे ट्रॅक्टर आला, डिझेल आलं. आणि इकडे चिदोंगो टेकडीवर आयते ढीग रचलेले होते.

ते ढीग म्हणजे थडगी. माणूस पुरला की आलेला प्रत्येक जण एकेक दगड ठेवून जातो, हे मी या सभेला काय सांगायचं! मी ती टेकडी रांगेनं चालले. एकेका ढिगाचं छायाचित्र घेतलं, खुंट्या ठोकल्या, भोवती लाल फीत बांधली. म्हटलं, साहेब, रेघ जरा खाली घ्या, दगड नदीतून घ्या. साहेब भर बैठकीत म्हणाले, "शुवाई, मेलेली माणसं बैठकीला येत नाहीत. जिवंतांना भूक लागते." काय हशा पिकला! मांबो, रागावू नका, पण आपणही हसलात. आपला दोष नाही. ती कुणा परक्यांची थडगी आहेत, तुमचे पूर्वज तर सगळे राजघराण्याच्या गुहेत पुरलेत, असं साहेबांनी आपल्याला सांगितलं होतं.

मग साहेबांनी माझ्या ज्ञानात भर पडावी म्हणून मला मुतारेला प्रशिक्षणाला पाठवलं. परत आले तर टेकडी तळहातासारखी साफ! पुढं काटकसर म्हणून माझी जागाही साफ झाली. एवढं होऊनही परवा त्यांचा फोन आला. "शुवाई, दोन गोड शब्द बोल. जाता जाता मनात काही ठेवायला नको." किती मोठं मन! आता ते राजधानीत बसणार, सगळ्या डोंगररांगा त्यांच्या हाताखाली येणार. तिथं कुणी वारशाबद्दल विचारलंच, तर सांगायला बरं, की निरोपाचं भाषण खुद्द पुरातत्त्वज्ञ बाईंनी केलं. साहेब, मीही तुमच्याच मताची. मनात काही ठेवायचं नाही.

हे सभागृह किती सुरेख झालंय! सकाळी पाहुण्यांनी दारात जी लाल फीत कापली, ती माझीच. थडग्यांभोवतीची. वाया जाऊ दिली नाही. भिंती चिदोंगोच्या दगडाच्या आहेत, आणि मांबोंची खुर्ची ठेवलीय ते व्यासपीठही. खाली बघू नका मांबो, अजून माझं संपायचंय.

व्यासपीठापुढची ही दगडी फुलदाणी बघा. मघाशी साहेब पाहुण्यांना कौतुकानं दाखवत होते, "ही आमची स्थानिक कला." साहेब, ही फुलदाणी नाही. हा दळणाचा पाटा आहे, नाचणी दळून दळून खोलगट झालेला. आपल्याकडे बाई गेली की तिचा पाटा तिच्या थडग्यावर पालथा घालतात, दुसऱ्या कुणी त्यावर दळू नये म्हणून. माझ्या छायाचित्रात हा पालथा आहे, आणि त्याच्या कडेचा टवका उडालेला आहे. अशा टवक्याचा पाटा कुणाचा, हे विचारत मी वर्षभर म्हाताऱ्या माणसांची दारं झिजवली. पगार बंद होता, वेळच वेळ होता. शेवटचं दार मुतारेचं निघालं. आत्यांचं.

आज सकाळी आत्यांना मीच घेऊन आले. काही सांगितलं नाही, फक्त या फुलांपाशी नेलं. आत्यांनी फुलं बाजूला केली, कडेवरून बोट फिरवलं आणि माझं मनगट धरलं. "अगं, हा टवका माझा. कुदळ पडली होती हातातून. आईनं असं बडवलं होतं मला! माझ्या आईचा पाटा इथं कुणी आणला?"

आत्यांची आई म्हणजे मायदेई आजी. मांबोंच्या वडिलांची आई. परक्या कुळातून आलेली सून, म्हणून तिला गुहेत जागा नाही, टेकडीच्या कडेला पुरली. मांबो, आजोबांच्या गुहेत आपण दर वर्षी नाचणीची दारू वाहता. आजी कुठं निजलीय, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. साहेब, मेलेली माणसं बैठकीला येत नाहीत म्हणाला होतात ना? आज एक आलीय. सगळ्यांच्या पुढं बसलीय. तुम्हीच आणून बसवलीत, आणि तिच्या पदरात फुलं घातलीत.

काहींच्या मनात येत असेल, ही बाई सूड उगवतेय. बरोबर येतंय. वर्षभर मी तो दारूसारखा आंबवलाय, आणि आज तुम्हाला वाढताना मला फार बरं वाटतंय.

काय म्हणालात, आत्या? मोठ्यानं बोला, मागं ऐकू जात नाही. आत्या मांबोंना विचारतायत, "काय रे, आजीच्या उरावर खुर्ची टाकून बसलायस, आणि वर जेवून दुसऱ्या टेकडीचा पहिला दगड उचलायला निघालायस? तिथं तुझ्या पणजीला पुरलंय. तिची काय कुंडी करणार?"

मांबो उभे राहिले. बूट काढतायत. आत्यांकडे बघून मानेनं नाही म्हणाले. सभेनं पाहिलं, पाहुण्यांनीही पाहिलं. म्हणजे दुसऱ्या टेकडीवर आज कुणी जाणार नाही.

आता शेवटचं. सत्कारमूर्तींना स्मृतिचिन्ह द्यायचा मान संयोजकांनी मला दिलाय. या खोक्यात भिंतीवरचं घड्याळ आहे, ते राहू द्या. आत्यांशी बोलून मी दुसरं ठरवलंय. माझिविसासाहेब, हा पाटा तुमच्या हाती देते. राजधानीला नाही न्यायचा. चिदोंगोवर न्यायचा, पायी, आणि होता तिथं पालथा घालायचा. पाहुण्यांनीही यावं. आम्ही सगळे मागून येऊ. जेवण थांबेल.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. जास्त झालं असेल, तर त्याची क्षमा मी मागत नाही.

या साहेब. आधी फुलं काढा. असं नाही, गुडघ्यात वाका. खोदकामावर नव्या माणसाला आम्ही पहिलं हेच शिकवतो, नाहीतर पाठ धरते.