बायांना विचारलं होतं

महाराष्ट्र तेव्हा नवा होता, आणि मेहकरचा बाजारही लोकांना विचारूनच नवा बांधला होता. तो बांधणारे ओव्हरसियर गोळे स्टँडवर बुलढाण्याच्या गाडीसाठी रांगेत उभे होते. मागं भाजीवाली झुंबरबाई आणि बांगड्या विकणारी अमीना बोलत होत्या.

"मावशी, बाजारातला बायांचा संडास पाह्यला?"

"पाह्यला व. दरवाजा सीधा चहाच्या हाटेलीसमोर. कोन जाईन तिथं?"

"मी तं बाजाराच्या दिवशी पानीच पेत नाही."

"मी बी. आन् म्हने बायांले इचारून बांधला."

"सभेत इचारलं होतं ना. सायब म्हने, बायांनो, लाजू नका, संडास कुठं पायजे ते सांगा."

"कशी सांगू? समोर माहा सासरा बसेल होता, बाजूले दोन्ही भासरे. म्या पदर खाली ओढला."

"सगळ्याच गप बसल्या. तं सायब म्हने, चला, बायांचं काही म्हननं नाही."

"अवं, इहिरीवर येऊन इचारलं असतं, तं हात धरून जागा दाखवली असती."

गोळ्यांचे कान तापले. ते गर्रकन वळले आणि सभेतल्याच खड्या आवाजात म्हणाले,

"मग कुठं पाहिजे होता संडास? आता सांगा की!"

रांगेतले सगळे पुरुष वळून दोघींकडे पाहू लागले.

झुंबरबाईनं पदर ओढला. अमीनानंही ओढला.

"बघा," गोळे पुढच्या माणसाला म्हणाले, "विचारलं की गप्प."