ठाकुरवाडीच्या खांबावरची पालट

मंडळी,

वाडीवरून तुम्ही इतकी माणसं चालत खाली आलात. स्टेशनातले लोक पाळी बदलून आले. कर्जतच्या या धर्मशाळेत बसायला जागा उरली नाही. या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत, कारण मी जानू शिदचा वरिष्ठ, टेलिफोनच्या तारांचा इन्स्पेक्टर. चार शब्द बोलून खाली बसणार होतो. पण समोर चांगुणाबाई बसल्यात, जानूची बायको. त्यांच्याकडे बघून ते चार शब्द तोंडातून निघत नाहीत.

जानू आमचा लाइनमन. घाटात विजेची गाडी सुरू झाली आणि तिच्या कडेने जाणाऱ्या आमच्या तारांत आवाज शिरला. ठाकुरवाडीचे स्टेशनमास्तर बोलायचे आणि इथे कर्जतला नुसतं घूं ऐकू यायचं. तेव्हा ठरलं, टेलिफोनच्या दोन तारांनी ठरावीक खांबांवर जागा बदलायच्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, म्हणजे गाडीच्या विजेजवळ दोन्ही सारख्याच राहतात. याला आम्ही पालट म्हणायचो. मी ते पुस्तकात वाचलं होतं. समजलं मात्र जानूमुळे. मी विचारलं, "अरे, एवढ्याने आवाज कसा जातो रे?" तो म्हणाला, "सायब, दोन पोरांतल्या एकालाच मारलं तर तो बोंबलनार. दोगांना सारकंच पडलं, तर कोन कोनाची तक्रार करनार?"

घाटातली एकेक पालट त्याने आपल्या हाताने घातली. दिवसाचं काम संपलं की खांबावरूनच मला फोन करायचा. "जानू बोलतो. साफ हाय का?" मी म्हणायचो, साफ आहे. मग तो घरी जायचा.

यंदा दरड आली आणि ठाकुरवाडीच्या पुढचा एक खांब गेला. जानूने नवा उभा केला, त्यावर पालट घातली. मी नकाशा उघडला. नकाशात त्या खांबावर पालट नव्हती. मी म्हटलं, सरळ कर. तो म्हणाला, "सायब, जुन्या खांबावर व्हती. मीच घातलेली हाय." मी म्हटलं, "मग नकाशा खोटा का रे?"

नकाशा जुना होता, मंडळी. पण मी साहेब होतो. जानूने तारा सरळ केल्या.

दुसऱ्याच दिवशी घूं परत आलं.

चूक कुठे आहे, हे मला त्याच दिवशी कळलं. ऐकताय ना? त्याच दिवशी. पण स्वतःचाच हुकूम मागे घ्यायला जीभ रेटेना. मी जानूला सांगितलं, त्या खांबाला हात लावू नकोस, दुसरीकडे शोध. आठ दिवस तो पावसात एकामागून एक खांब चढला. तारांखालच्या चिनी मातीच्या वाट्या पुसल्या, सांधे आवळले. त्यालाही सगळं ठाऊक होतं. एकदाही मला तोंडावर बोलला नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "आता साफ हाय का, सायब?" मी म्हटलं, "नाही. पुढचा खांब बघ."

त्या पुढच्या खांबावरून तो पडला.

मग मी ती पालट पुन्हा घालून घेतली. आवाज गेला. आता संध्याकाळ झाली की घंटी वाजल्यासारखं वाटतं. मी फोन कानाला लावतो. कुणी नसतं. पूर्वी निदान घूं तरी असायचं. आता तार इतकी शांत आहे, की पलीकडे तो माझ्या उत्तरासाठी थांबलाय असंच वाटतं. मला भीती वाटते, मंडळी. ऑफिसात चार माणसं असताना भीती वाटते.

आणि रिपोर्टात मी काय लिहिलं? लाइनमन स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडला. चांगुणाबाईंनी मला तेव्हा विचारलं होतं, "सायब, आमचं मानूस कामाला कच्चं व्हतं का?" मी छत्री उघडली आणि चालू लागलो.

नव्हतं, बाई. साऱ्या घाटात त्याच्याइतका पक्का माणूस नव्हता. कच्चा मी निघालो. हे सगळं काल मी लिहून काढलं आणि खाली सही केली. एक प्रत वरच्या साहेबांना पाठवली. दुसरी ही तुमच्यासाठी. मास्तर ती तुम्हाला वाचून दाखवतील.

आता जानूसाठी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं आहे. उठा, मंडळी. चांगुणाबाई, मी तुमच्यात उभा राहू की बाहेर जाऊ, ते तुम्ही सांगा.