अविश्वासाची सहल

…नाही, तुम्हीच सांगा मले, आपल्या सख्ख्या पोरीनं आपल्याले असं विचारावं का, "बाबा, रविवारी तुम्ही येता का माणिकआबाले सांगू?" म्हणजे मी कोन? बाप आहो का वेटिंग लिस्टवर आहो? बसा, बसा, पंगतीले टाइम हाये, नवरदेवाचे दोस्त अजून डीजेसमोरून हालून नाही राह्यले. तुम्ही वरपक्षाचे, बाहेरगावचे, तुम्हाले सांगाले हरकत नाही. गावातल्याईले मी सांगत नाही, काऊन का त्याईले सगळं मालूम हाये अन् ते हासतात.

मी शालिग्राम. वडनेर भोलजीच्या रोडवर मोटारपंप रिपेअरिंगचं दुकान हाये माहं. मोटारी काढाले इहिरीत उतरू उतरू पोहणं आलं, पोहणं आलं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातले पोट्टे मागं लागले, पोट्टे शिकले म्हणून त्याईचे मायबाप ओळखाले लागले, अन् मायबाप ओळखाले लागले म्हणून कोनीतरी म्हणलं, "शालिग्रामभाऊ, पंचायतीले उभे राहा!" अन् मी राह्यलो, अन् वरून निवडून आलो! आ बैल मुझे मार, दुसरं काय! तव्हापासून उन्हाळा आला का मले धडकी भरते. सकाळी इहिरीवर पोट्टे, दुपारी पंचायतीत टँकरचे भांडणं, घरी गच्चीवर कुरडया, बहीण छाया तिचे लेकरं घेऊन आलेली, अन् रुपाली, म्हणजे आमच्या घरचे माणसं, तिले डोणगावले माहेरी जायाचं असते, "लगन हाये भावाच्या पोरीचं, तुम्ही येता का नाही ते सांगा!" सगळं त्याच एका महिन्यात, अन् माणूस तं एकच हाये ना!

आता पोहणं शिकवाची आमची पद्धत ऐका. पोराच्या पाठीले तेलाचा रिकामा डबा बांधाचा, झाकण घट्ट. डबा तरंगते, पोट्टं तरंगते. मंग एक दिवस, सांगाचं नाही, बोलाचं नाही, गुपचूप दोरी सोडाची. पोट्टं पोहतच राह्यते! त्याले पत्ताच नाही! मंग वरून डबा दाखवाचा, "हे पाह्य बे, डबा तं माह्या हातात हाये!" त्या दिवशी त्याची माय इहिरीवर नारळ फोडते अन् सगळ्याईले खोबरं भेटते. पण पाण्यात पडाच्या आधी पोट्टं एकदा मागं वळून पाह्यते. सगळेच पाह्यतात. तव्हा काठावरून आवाज पाहिजे, "भिऊ नको, मी काठावर आहो!" बस. एवढंच माहं कोचिंग.

राखी, माही पोरगी, अकरा वर्षांची. मासोळी हाये मासोळी! तिचा डबा तं मी पहिल्याच आठवड्यात सोडला. पण तिले एक खोड. माहा आवाज आल्याबिगर ती उडी मारत नाही. अजूनही नाही. यंदा बुलढाण्याले, घाटावर, उन्हाळी स्पर्धा होत्या. तिथं टँक, निळं पाणी, शिट्टी, सगळं नवीन. ती म्हणे, "बाबा, तुम्ही आवाज देसान ना?" मी म्हणलो, "गळा फाटेस्तोवर देईन." शब्द देल्ला हो मी! तिच्या डोक्यावर हात ठेवून देल्ला.

अन् इकडं पंचायतीत काय चालू? अविश्वास! उपसरपंच माणिकरावावर अविश्वासाचा ठराव. काऊन? तं म्हणे टँकर पहिले स्वतःच्या गल्लीत रिकामा करते. आता करते, खोटं कायले बोला? पण गंमत पाहा, मे महिन्यात गावात पाणी राह्यते कोनाच्या इहिरीले? माणिकरावाच्या. मी पोट्टे पोहवतो कोनाच्या इहिरीत? माणिकरावाच्या. अन् माहं पॅनल कोनतं? भगवानरावचं. अन् ठराव कोनाचा? भगवानरावचा! नऊ मेंबर, सहा पाहिजेत. अन् सहावा कोन? हा बसला तुमच्यासमोर.

तुम्हाले मालूम असंन, अविश्वास आला का मेंबर लोकाईले सहलीले नेतात. तिकडच्या पार्टीनं फोडू नाही म्हणून! मी दुपारी इहिरीवरून घरी जाऊन राह्यलो, हातात डबा, खांद्यावर ओला टॉवेल, अन् बाजूले जीप थांबली. भगवानराव आतून म्हणते, "शालिग्राम, बस, पाच मिनिटांचं काम हाये." मी बसलो. जीप नांदुऱ्याच्या पुढं गेली. मी म्हणलो, "भगवानराव, काम कुठं हाये?" तं म्हणे, "देवदर्शन." मी म्हणलो, "माह्या अंगात बनियन हाये!" तं म्हणे, "देव कपडे पाह्यत नाही." अन् एक पिशवी फिरवली, सगळ्याईचे मोबाइल त्यात टाकले, अन् ती पिशवी स्वतःच्या बुडाखाली घेतली! मी हात जोडले, "शुक्रवारी पोरीची स्पर्धा हाये हो!" ते म्हणे, "गुरुवारी सभा, गुरुवारीच वापस. तुह्या पोरीची स्पर्धा ते माह्या नातीची स्पर्धा!" असं गोड बोलते तो माणूस, का ऊस लाजंन.

देव कुठला अन् दर्शन कुठलं! जळगावच्या पल्याड एक रिसॉर्ट. अन् त्या रिसॉर्टले काय असावं? स्विमिंग पूल! माह्या घरच्याईले मी पाच वर्षांपासून म्हणून राह्यलो, "यंदा नेतो तुम्हाले वॉटर पार्कले," अन् मी एकटा तिथं, बनियनवर, हातात डबा! रुपालीले मालूम पडंन तं काय म्हणंन, या इचारानं माह्या घशाखाली पनीर उतरेना. तीन टाइम पनीर हो! ठेचा मांगितला तं वेटर म्हणे, "सॉस है।"

अन् बुधवारी निरोप आला का सभा पुढं ढकलली, सोमवारी हाये. सोमवारी! मी रडकुंडीले आलो. म्हणलो, "मले एसटीनं जाऊ द्या, मी इमानदार माणूस आहो, वापस येतो." भगवानराव म्हणे, "इमानदार हायेस म्हणून तं भीती वाटते." मी म्हणलो, "पोरगी वाट पाह्यते." तं म्हणे, "अन् गाव नाही पाह्यत?" एकीकडं पोरगी, एकीकडं गाव, अन् माणूस तं एकच हाये ना! फाटकावर दोन पैलवान बसवले होते, तेही एक कारण होतं, खोटं कायले बोला.

शुक्रवार आला. सकाळी अकराचा टाइम होता तिच्या रेसचा. मी स्विमिंग पूलच्या काठावर घड्याळ पाहून राह्यलो, अन् बरोबर अकरा वाजता भगवानराव येते, नाडीच्या चड्डीवर, म्हणते, "शालिग्राम, फुकटचं पाणी हाये, आम्हाले बी शिकव!" मांगं गोकुळ मेंबर, तसाच. कमरेइतक्या पाण्यात काठ धरून उभे, थरथरून राह्यले! मंग मी काय करू? बांधला तो तेलाचा डबा भगवानरावच्या पाठीले. तो मागं वळून माह्याकडं पाह्यते, डोळे पांढरे, अन् माह्या तोंडून सवयीनं निघालं, "भिऊ नको, मी काठावर आहो!" भाऊ, निघालं अन् मी तोंड फिरवून टॉवेलनं डोळे पुसले. हा आवाज कोनासाठी ठेवला होता, अन् कोनाले देऊन राह्यलो मी! गोकुळ म्हणे, "भाऊ, डोळ्यात क्लोरीन गेलं काय?" म्हणलो, हाव, क्लोरीनच गेलं.

सोमवारी जीप डायरेक्ट पंचायतीच्या दारात. तहसीलदार आलेले, गाव गोळा झालेलं. दारात मोबाइल वापस भेटला. चालू केला तं रुपालीचे मिसकॉलच मिसकॉल, अन् गावाच्या ग्रुपवर फोटो. राखी, गळ्यात मेडल, दुसरा नंबर! अन् तिच्या बाजूले कोन? पांढरी टोपी, मिशीले पीळ, माणिकराव! तिच्या खांद्यावर हात! खाली लिहिलेलं, "मा. उपसरपंच माणिकराव यांच्या प्रमुख उपस्थितीत." प्रमुख उपस्थितीत! ज्याले पाडाले मी पाच दिवस पनीर खाल्लं, तो माह्या पोरीच्या बाजूले उभा!

तुम्हाले खरं सांगतो, आनंद व्हायले पाहिजे होता. पण मले राग आला. असा राग आला, असा राग आला! म्हणलो, वा रे वा, मत फोडता आलं नाही तं पोरगी फोडली काय? माह्या जागेवर उभा राह्यते काय? तहसीलदार म्हणे, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," अन् सगळ्यात आधी माहा हात वर! सगळ्यात उंच! गोकुळ खालून म्हणे, "भाऊ, कोपर माह्या तोंडाले लागून राह्यलं." सहा मतं. माणिकराव पडले. त्याईनं माह्याकडं एकदा पाह्यलं, टोपी नीट केली, अन् निघून गेले.

घरी आलो. रुपाली कुरडया भरून राह्यली होती. मी म्हणलो, "पाह्यलं का त्या माणिकरावाचं राजकारण?" तिनं डबा खाली ठेवला अन् म्हणे, "बसा." बाई 'बसा' म्हणते तव्हा माणसानं समजून घ्यावं. ती म्हणे, "शुक्रवारी एसटी चुकली आमची. पोरगी फाट्यावर रडून राह्यली. माणिकआबाची गाडी चालली होती, त्याईनं थांबवली. घाट चढून नेलं. तिथं शिट्टी वाजली, सगळ्या पोरींनी उड्या मारल्या, अन् आपली राखी उभीच. मागं पाहून राह्यली. तुम्हाले पाहून राह्यली! मी ओरडले, तं माहा आवाज तिले ऐकू येईना. तव्हा आबा धोतर वर धरून पळत गेले टँकच्या काठावर, पंच नको नको म्हणून राह्यले, अन् ओरडले, 'राखे, तुह्या बापानंच मले पाठवलं! भिऊ नको, मी काठावर आहो!' मंग मारली तिनं उडी. सगळ्याईच्या मागून मारली अन् दुसरी आली."

मी म्हणलो, "मी… मी कुठं पाठवलं त्याईले?" ती म्हणे, "तेच तं. तुम्ही कुठं पाठवलं?" अन् पुन्हा कुरडया भराले लागली.

मी म्हणलो, "मत मांगितलं का त्याईनं, एका शब्दानं?" ती म्हणे, "नाही." मले वाटलं जमीन फाटावी अन् मी आत जावं. पण जमीन कायले फाटते? पंचायतीच्या मेंबरसाठी तं मुळीच नाही फाटत.

दुसऱ्या दिवशी पोट्टे घेऊन इहिरीकडं गेलो. म्हणलो, आता कुलूप असंन, नाहीतं मोटार लावून इहीर कोरडी केली असंन. मी असतो तं केली असती! जाऊन पाह्यतो तं माणिकराव काठावर बसलेले, हातात डबा, दोरी नीट करून राह्यले. मी मान खाली घालून म्हणलो, "आबा, ते काल…" ते म्हणे, "काल पद गेलं बे, इहीर नाही गेली. ती माही हाये. आन पोट्टे इकडं." म्हणलो, "मी शिकवतो ना." तं म्हणे, "तुले टाइम भेटंन का आता?"

त्याईले आधीच समजलं होतं! मले नाही समजलं! भगवानरावच्या पॅनलमध्ये उपसरपंच होयाले दोघं भांडून राह्यले, कोनी हटेना, तं मंग तिसरा कोन? ज्याचा हात सगळ्यात उंच होता तो! झालो मी उपसरपंच. पेढे वाटले, फटाके फुटले, अन् त्याच संध्याकाळी बाया हंडे घेऊन माह्या दारात, "काऊन हो, टँकर पहिले भगवानरावच्या गल्लीत काऊन रिकामा केला?" तव्हापासून मी टँकरच्या मागं पळून राह्यलो. दुकानाचं शटर खाली. डोणगावचं लगन होऊन गेलं, रुपाली एकटीच गेली अन् फोटोत मी कुठंच नाही. अन् माणिकराव, त्याईले आता काम ना धाम, सकाळ-संध्याकाळ इहिरीवर! परवा तिकडून टँकर घेऊन चाललो होतो, तं लांबूनच आवाज, "भिऊ नको, मी काठावर आहो!" माहेच शब्द, माहीच चाल! मी डायवरले म्हणलो, थांब जरा. तो म्हणे, "साहेब, टँकर गळून राह्यला." मंग थांबलो नाही.

अन् आता रविवारी अकोल्याले विभागाची स्पर्धा, राखीचं सिलेक्शन झालं ना दुसऱ्या नंबरवर. अन् रविवारीच पाणीटंचाईची बैठक, बीडीओ येऊन राह्यले, उपसरपंचानं हजर राहावं. पोरगी विचारते, तुम्ही येता का माणिकआबाले सांगू? मी म्हणलो, पाह्यतो. ती म्हणे, "पाह्यतो नाही, आज सांगा. आबाले गाडीत डिझेल टाका लागते." रागानं नाही म्हणली हो! रागानं म्हणली असती तं बरं वाटलं असतं. सोयीचं विचारते तसं विचारलं तिनं. ते लागलं मले. पण माणूस तं एकच हाये ना…

उठा, उठा, पत्रावळी पडल्या, तिकडून बोलावून राह्यले. तं मंग आज सकाळी मीच फोन लावला. म्हणलो, "आबा, रविवारी काठावर राह्यता का?" ते म्हणे, "राह्यतो ना बे. पण पोरीले काय सांगू?" मी म्हणलो, "सांगा, बापानंच पाठवलं." निदान या टाइमले तरी त्याईले खोटं बोला लागणार नाही.