सृष्टीच्या लग्नाचं बोलावणं

धाराशिवच्या स्टँडवर बेंबळीची एसटी सुटायची होती. खिडकीशी बसलेल्या शिवकन्येच्या मागच्या सीटवर दोघं भाऊ बोलत होते.

“जेलातनं सुटलो तवा कुणी दारात उभं करीना, धनाजी. ह्या संस्थेनं कामाला घेतलं. दोन वरसं झाली, कचऱ्यातलं प्लास्टिक निवडतो. आमच्यात सगळे माझ्यासारखेच. ह्ये बघ ओळखपत्र, नाव छापलंय.”

“बघितलं, दादा.”

“आता सृष्टीच्या लग्नात ताठ उभा ऱ्हातो. बाप कामाला हाय म्हणून पावण्यांना सांग.”

“दादा, तुमी लग्नाला येऊ नका.”

“का रं?”

“सोयरीक जमवताना सांगितलंय आमी. पोरीचा बाप वारला म्हणून.”



“सृष्टीला ठावं हाय?”

“तीच तसं सांगा म्हणली.”

कंडक्टरनं दार ओढायला घेतलं.

“थांबा वो, मला उतरायचंय. धनाजी, ही पिशवी धर. साडी हाय, हिरवी. तिच्या आईला हिरवा रंग लई आवडायचा.”

“कुणी दिली म्हणून इचारलं तर?”

“संस्थेनं दिली म्हण. गरिबाच्या पोरींना देत्यात म्हण.”

गाडी हलली. शिवकन्येला मागं वळून बघवलं नाही.