धाकटा बोललाच नाही

विश्वास ठेवायचा तरी कुणावर हो? भडाभडा बोलणाऱ्यावर, की तोंडाला कुलूप घालून बसणाऱ्यावर? मी ठेवला सख्ख्या भावावर! आणि त्यानं काय केलं? आमच्या रंगाच्या दुकानातून उठला आणि रस्त्यापलीकडे, अगदी समोर, स्वतःचं दुकान थाटलं... तेही रंगाचंच! अरे, काही सलत होतं तर बोलायचं ना!

तुम्हाला सांगतो, माझा सगळा धंदा जिभेवर. गिऱ्हाईक दाराला रंग मागायला येतं, मी त्याच्या सासूची चौकशी करता करता अख्खं घर रंगवायला लावतो. धाकटा मागे रंग मिसळत उभा. मी हसत सांगायचो, "हे आमचे मौनीबाबा, यांना शब्दाला पैसे पडतात!" आता थट्टा म्हणजे माया नाही का? लोक हसायचे, तोही खाली मान घालून... मला वाटायचं, हसतोय. नव्हता? मग बोलायचं ना!

तर बायको म्हणते, "अहो, भावोजींनी सांगितलं की!" कधी? "तुमच्याकडे पाठ करून जेवायला लागले तेव्हा!" घ्या! मला वाटलं, पंख्याचा वारा घेतोय! माणसाची पाठ वाचायला कुठल्या शाळेत शिकवतात?

तरी परवा, थोरला असून, मी रस्ता ओलांडला. म्हटलं, याला परत आणायचाच. बोलत सुटलो... आईचं आजारपण, दुकानाचा पहिला दिवस, सगळं उकरलं. हा आपला डबा पुसतोय. शेवटी म्हणाला, "दादा, चहा घेणार?"

मी म्हटलं, "नको, राहू दे रे."

आता पहिलं 'नको' कधी खरं असतं का? समोरच्यानं आग्रह करायचा, मग आपण टेकायचं! यानं मान हलवली आणि घेतला पुढचा डबा पुसायला. आणि मी, एवढा बोलघेवडा, "घेतो रे, आण" म्हणायला तोंड उघडेना. आलो परत.

बायकोला सांगितलं, तर ती खालीच बसली. "भावोजींनी चहा विचारला? अहो, ते कधी कुणाला विचारतात का!"

आता तुम्हीच मांडा हिशेब, कुणाची चूक किती. पण खरा मांडा हं. मी समोर बसलोय म्हणून झुकतं माप नको. माझ्या नावावर जास्त निघालं तरी तसंच लिहा... तो काही बोलणार नाही, आणि माझं आता ऐकतंय कोण?